लोहाराच्या लेकीचा खिळा

थोरली कामावर निघाली की अख्ख्या गल्लीला कळायचं. जिना दणदणायचा, खालच्या भट्टीतला हातोडा क्षणभर थांबायचा आणि मग ती रस्त्यावर यायची. हातात डबा, मान ताठ, चाल अशी की समोरून येणाऱ्यानं आपण होऊन बाजूला व्हावं. कुणी सहज विचारलं, "निघालात का?" तर नुसतं "निघाले" म्हणून पुढे जाणाऱ्यातली ती नव्हती. "आज बारीक स्क्रूचा साचा लावायचाय, वेळेत पोचायला हवं," हे न विचारलेलंही ती सांगायची. मागून लोक हसायचे. "चालल्या बाईसाहेब खिळे ठोकायला!"

तिला ते ऐकू यायचं, पण ती मनावर घ्यायची नाही. एक तर ती खिळे ठोकत नव्हती, साच्यात ओतत होती. आणि दुसरं म्हणजे, तसले खिळे गल्लीत काय, त्या सगळ्या शहरात दुसरं कुणी करत नव्हतं. माणसाचं हाड मोडलं की त्यात बसवायचे. हाड जुळेपर्यंत त्यांनी तुकडे घट्ट धरून ठेवायचे, आणि जुळलं की हळूहळू अंगातल्या अंगातच विरघळून जायचं. काढायला पुन्हा चिरफाड नको, मागे काही शिल्लक नको. गर्वाचं घर खाली असं म्हणतात. असेल. थोरलीचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि तिथून खाली यायची तिची काही तयारी नव्हती.

खालचा मजला तिच्या बापाचा. आबा लोहार. फाटकं, जाळ्या, कठडे, बिजागऱ्या, झाडांभोवतीचे पिंजरे, जे म्हणाल ते. शहरातल्या निम्म्या दारांना आबांचा हात लागलेला. प्रत्येक कामाच्या एका कोपऱ्यात त्यांचा ठसा असायचा: एक कडं आणि कड्याच्या मधोमध ठिपका. आबांबरोबर कुठं जायचं म्हणजे दुप्पट वेळ धरून निघावं लागे. वाटेत एखादं फाटक दिसलं की थांबायचे, वाकायचे, अंगठ्यानं चाचपून ठसा शोधायचे आणि म्हणायचे, "हे बघ. तू जन्मली नव्हतीस तेव्हाचं आहे. हललंय का?" हललेलं नसायचंच. "ज्याच्यावर निशाणी नाही ते काम नाही, आणि जे टिकत नाही त्याला निशाणी कुठं करायची?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. दुसरं त्यांच्याकडे नव्हतं आणि त्यांना लागलंही नाही.

भावंडांत मोठी म्हणून ती थोरली. घरानं म्हटलं, मग गल्लीनं म्हटलं. भाता ओढत ती लहानाची मोठी झाली. धाकटी भावंडं भात्याशेजारी पेंगायची त्या वयात हिला लोखंडाचे रंग कळत होते. लाल कुठला, नारिंगी कुठला, हाणायचं कधी. आबा ओरडायचे, "लाल आहे तोवर घाल घाव! विचार करत बसलीस की गार झालं!" आणि घाव घालून झाले की तापलेला तुकडा डोणीतल्या पाण्यात. चर्रर्र आवाज, वाफ, आणि लोखंडाला कडकपणा. लोहाराकडे दोनच मंत्र. घाई कर आणि पाणी दे.

ती भट्टीवरच राहिली असती. पण तयार फाटकं ट्रकांतून यायला लागली, आबांच्या एकट्याच्या पोटापुरतंच काम उरलं, आणि थोरली बाटल्यांची बुचं करणाऱ्या प्लास्टिकच्या कारखान्यात लागली. आबा म्हणाले, "बुचं!" त्यांच्या तोंडी हा एक शब्दसुद्धा शिवीसारखा होता. मग त्याच कारखान्यानं मागच्या अंगाला औषधी मालाचा नवा विभाग काढला. मशीनचा आवाज बदलला तर नुसत्या कानानं ओळखणाऱ्या बायका निवडल्या, त्यात थोरली होती. तेव्हापासून ही मान अशी ताठ.

त्या विभागात एक खोली होती. नाव मोठं इंग्रजी होतं, बायका तिला कोरडी खोली म्हणायच्या. तिथं साखरेच्या दाण्याएवढे पांढरे दाणे यायचे, चंदेरी पिशव्यांत बंद होऊन, थंड कपाटातून. तेच वितळवून साच्यात घालायचे. या दाण्यांचा वैरी एकच, पाणी. शरीरात गेल्यावर त्यांना फोडायचं ते पाण्यानंच, पण ते नंतर, सावकाश. आधीच ओल लागली तर साच्यातून निघालेला स्क्रू वरून देखणा आणि आतून कच्चा. म्हणून खोलीत हवासुद्धा सुकवून सोडलेली. ओले केस चालत नाहीत, घामेजलेलं अंग चालत नाही. सुपरवायझर बाई दारात उभी राहून एकेकीचं तोंड बघायची. कुणाचे डोळे भरलेले दिसले की म्हणायची, "बाहेर बस. रडून घे, वाळून घे, मग ये." घरी भांडून आलेल्या बायका दाराबाहेरच्या बाकावर बसून निमूटपणे वाळायच्या. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, तरी कुणी तो मोडत नसे.

लोहाराची लेक तिथं पहिल्याच आठवड्यात आपटली. पिशवी थंड कपाटातून काढली की तशीच ठेवायची, खोलीइतकी कोमट होऊ द्यायची, मगच फोडायची, असं शिकवलेलं. पण थोरलीच्या अंगात भट्टीची घाई. मशीन तापलेलं, साचा तयार, मग थांबायचं कशाला? फोडली पिशवी. गार बाटलीला बाहेरून घाम येतो तसं त्या दाण्यांना दव धरलं. दिसलं कुणालाच नाही, अगदी तिलाही नाही. पण हातमोज्यातल्या बोटांना पिशवीचा गारवा लागला आणि चूक तिच्या ध्यानात आली. मूग गिळून बसली असती तर खपून गेलं असतं. तिनं मशीन बंद केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "माझ्या हातून माल ओला झाला." सगळी पिशवी फेकली गेली. सुपरवायझर बाई रागावली, पण थोडीच. मग शेजारच्या मशीनवरची म्हणाली, "माझ्या हातूनही झालं होतं गं." पलीकडची म्हणाली, "माझ्याही." सगळ्यांनी आपापल्या वेळी हेच केलं होतं आणि सगळ्यांनी ते सांगितलंही होतं. थोरलीला ती खोली आवडली ती त्या दिवशी.

खोलीच्या टोकाला एक कोमट कपाट होतं. माणसाच्या अंगाइतकी ऊब, काचेच्या बरण्या, बरण्यांत खारट पाणी आणि पाण्यात प्रत्येक खेपेच्या मालातला एकेक नमुना. खिळा आधी पांढरा पडायचा, मग खडूसारखा व्हायचा, मग त्याचे कण व्हायचे, आणि खूप महिन्यांनी एके दिवशी बरणीत नुसतं पाणी. वेळेआधी गेला तर वाईट, वेळ उलटूनही बसून राहिला तरी वाईट. बायकांनी यावर एक थट्टा काढली होती. बरणी रिकामी दिसली की एकीनं चेहरा पाडून म्हणायचं, "गेला हो." दुसरीनं विचारायचं, "त्रास झाला का?" आणि पहिलीनं उसासा टाकून सांगायचं, "नाही. सुखानं गेला. काम करून गेला." नव्या पोरी हे ऐकून घाबरायच्या. भिंतीपलीकडच्या खोलीत त्याच जातीच्या मालाचे पिठाएवढे बारीक मणी करत आणि त्यांच्या पोटात औषध भरत. मणी एकदा सुईनं टोचले की अंगात महिनाभर झिजत राहायचे आणि औषध थोडं थोडं सोडायचे. रोज सुई खाणाऱ्या माणसाची महिनाभर सुटका. त्या खोलीतल्या बायकांचा तोरा आणखी वेगळा. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही खोल्यांची जुंपायची. "आम्ही हाडं धरतो." "आम्ही जीव धरतो."

आणि हे सगळं थोरली घरी येऊन आबांना सांगायची. आबा ऐकायचे नाहीत.

एकदा तिनं सुपरवायझर बाईला विचारून साच्यातला एक नापास खिळा घरी आणला. आगकाडीच्या निम्म्याएवढा, स्वच्छ, दुधी. आबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नखानं दाबला, दातानं चावला, ऐरणीवर वाजवून पाहिला. आवाज आला नाही. "मऊ आहे," ते म्हणाले. "पाणी दिलं नाहीत का याला?" आणि तिनं नको नको म्हणेपर्यंत तो डोणीत टाकलासुद्धा. तिथं दिवसभर लालबुंद लोखंड बुडवायचे, पाणी सदा कढत. तिनं सांडशीनं ढवळून शोधला, सापडला नाही. गोष्ट विसरली गेली. पुढे कधीतरी आबांनी डोण साफ केली तेव्हा तळाच्या गाळात पांढरा भुगा सापडला. संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले असताना त्यांनी तो बशीत घालून थोरलीपुढे सरकवला. "घे. तुझा खिळा."

घर हसलं. थोरलीचा नवराही हसला. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, नेमका त्या दिवशी घरी होता. थोरलीला म्हणायचं होतं की आबा, माणसाच्या अंगात असं कढत पाणी नसतं, तुम्ही त्याला उकडून मारलंत. पण तिनं नुसती बशी उचलून बाजूला ठेवली. इतकं वाईट तिला बुचांच्या वेळीही वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून घरात तिच्या कामाला नाव पडलं, विरघळं. "थोरली विरघळं करायला गेली." तिची मुलगीसुद्धा तसंच म्हणायला शिकली.

ही मुलगी म्हणजे भिंगरी. पायाला चाकं, हाताला वळवळ, सदा कुठंतरी लोंबकळणारी. नाव ठेवलेलं वेगळं होतं, पण ते शाळेच्या हजेरीपुरतं. आबांची ती लाडकी. भट्टीच्या अंगणात नवं फाटक तयार होऊन चौकटीत उभं राहिलं की त्याच्यावर पहिला झोका भिंगरीचा. तिनं झुलून घेतल्याशिवाय आबा फाटक गिऱ्हाइकाला देत नसत. "माझी तपासनीस," म्हणायचे.

तर असंच एक मोठं फाटक. भिंगरी चढली, झुलली, दुसऱ्या झोक्याला हात सुटला. फाटकाचं काहीच बिघडलं नाही. बिजागरी तसूभर सरकली नाही. भिंगरी मात्र फरशीवर कोपरावर आदळली आणि जो आवाज झाला तो थोरलीनं वरच्या खिडकीत ऐकला. दोन-दोन पायऱ्या सोडत ती खाली धावली.

हाडांच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरून दाखवला. कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा तुकडा निखळून खाली सरकला होता. "हा जागेवर बसवून स्क्रूनं धरायला हवा. नुसत्या प्लास्टरनं भागणार नाही. स्क्रू दोन प्रकारचे आहेत. एक धातूचा. तो पक्का, पण मुलगी वाढती आहे, तो नंतर काढावा लागेल. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके. दुसरा विरघळणारा."

"लोखंडाचा घाला," आबा म्हणाले.

"आजोबा, आई-वडिलांना ठरवू द्या."

"आई-वडिलांना काय विचारता? मी त्या विरघळ्याचा भुगा या हातांनी डोणीतून काढलाय!" आबांचा आवाज चढला. त्यांच्या अंगावर अजून भट्टीवरचा चामडी एप्रन होता, तसेच धावत आले होते. "माझ्या नातीच्या हाडात भुगा जाणार नाही. सांगून ठेवतो."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीकडे पाहिलं. "विरघळणारा तुमच्याच कारखान्यातला असतो ना? मला दोन्ही चालतील. तुम्ही काय म्हणता?"

आता खरं तर हा थोरलीचा क्षण. इतकी वर्षं गल्लीला न विचारता सांगत आलेली बाई, तिला आता कुणीतरी विचारलं होतं. आणि ती म्हणाली, "आलेच." बाहेरच्या बाकावर जाऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. मागे ट्रकच्या इंजिनाची घरघर. तो म्हणाला, "मला त्यातलं काय कळतं? तू ठरव. तू म्हणशील ते." एरवी हे वाक्य ऐकून तिला मूठभर मांस चढलं असतं. आज अंगावर काटा आला.

दुसऱ्याच्या पोराच्या हाडात जाणाऱ्या खिळ्याचा अभिमान वाटणं सोपं असतं. स्वतःच्या पोरीच्या हाडात जायचा म्हटल्यावर थोरलीला बशीतला भुगा दिसायला लागला. हाड जुळायच्या आधीच गेला तर? तुकडा पुन्हा सरकला तर? हात वाकडा राहिला तर आयुष्यभर आपलीच पोर आपल्याला विचारेल, आई, तू असं का केलंस? आणि आबा काही विचारणारही नाहीत, नुसते बघतील.

मग तिला ती खोली आठवली. मशीन नाही, दाणे नाहीत, बाया आठवल्या. माझ्या हातून झालं, माझ्याही हातून झालं, असं उभ्या राहून सांगणाऱ्या. हा स्क्रू तिनं स्वतः काढलेला असेल की शेजारणीनं, हे कधीच कळणार नव्हतं, त्यावर कुणाचा ठसा नव्हता. पण त्या खोलीतून ओला माल बाहेर पडत नाही एवढं तिला माहीत होतं. ते तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकं जगात दुसरं काहीच नव्हतं.

ती आत गेली. "आमचा घाला," ती म्हणाली.

आबा उठले आणि बाहेर निघून गेले.

ऑपरेशन नीट झालं. पण दुसऱ्या दिवशी नवा फोटो काढला तेव्हा पंचाईत झाली. तुकडा जागेवर बसलेला स्वच्छ दिसत होता, स्क्रू मात्र कुठंच नाही. नुसती एक काळसर बारीक वाट हाडातून गेलेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की हा माल फोटोत उमटत नाही, त्याच्यासाठी पाडलेलं भोक तेवढं उमटतं. आबांनी फोटो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "म्हणजे हाडाला भोक पाडलं आणि आत काही नाही," ते म्हणाले. "घातलाय तरी का?"

"घातलाय, आबा."

"दाखव."

कुठून दाखवणार?

प्लास्टरचे आठवडे घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आबा आणि थोरली एकमेकांशी कामापुरतं बोलायचे. भिंगरीला मात्र आपल्या अंगात काहीतरी गुपित आहे याची भारी मौज वाटायची. "आई, विरघळून तो जातो कुठं?"

"आधी त्याचं आंबूस पाणी होतं. आपण खूप पळालो की अंगात तयार होतं ना, त्याच जातीचं. मग अंग ते जाळून टाकतं, आणि शेवटी श्वासातून बाहेर जातं."

"श्वासातून? नाकातून खिळा?"

झालं. मग दिसेल त्याच्या तोंडावर फुंकर. "घे, थोडा खिळा!" भाजीवाल्याला, मास्तरांना, शेजारच्या कुत्र्याला. आबांच्याही तोंडावर फुंकली तर ते तोंड फिरवून भट्टीकडे गेले.

प्लास्टर उतरलं. कोपर वाकलं, सरळ झालं, फिरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान धरलंय." थोरलीच्या जिवात जीव आला. आबांच्या आला नाही. त्यांचं म्हणणं, "आत्ता धरलंय, कारण अजून तो आत आहे. जाईल तेव्हा बघू." एका परीनं बरोबरच होतं. खरी परीक्षा पुढेच होती. त्यांनी भिंगरीला फाटकांवर चढायची बंदी केली आणि स्वतःही फाटकं झोक्याशिवायच गिऱ्हाइकाला देऊ लागले.

झोके बंद झाले म्हणून भिंगरी भट्टीसमोरच्या झाडाखाली बसू लागली. हे झाड थोरली जन्मली त्या वर्षी लावलेलं. गुरांनी खाऊ नये, वाऱ्यानं मोडू नये म्हणून आबांनी त्याला लोखंडी पिंजरा केला होता. उभ्या कांबी, वर-खाली कडी, खालच्या कड्यावर ठसा. त्यांच्या आवडत्या कामांपैकी एक. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "अजून तसाच आहे."

एका दुपारी भिंगरी म्हणाली, "आबा, हे झाड तुझं लोखंड गिळतंय."

"गिळत नाही," आबा हातातलं काम न थांबवता म्हणाले. "लोखंड त्याला चावतंय."

बोलून गेले आणि थांबले. सांडशी खाली ठेवून झाडाजवळ आले. इतकी वर्षं ते त्या पिंजऱ्याकडे बघत होते, त्यांनी झाडाकडे पाहिलंच नव्हतं. खोड फुगून कांबींना भिडलं होतं, भिडून फाटलं होतं, आणि जिथं फाटलं तिथं गाठी धरल्या होत्या. खालचं कडं तर सालीनं पुरतं झाकून टाकलेलं. त्यांनी अंगठ्यानं ठसा शोधला. सापडला नाही. तो आत गेला होता.

थोरली कामावरून आली तेव्हा आबा लोखंड कापायची करवत घेऊन पिंजरा कापत होते. घामानं निथळत होते, कुणाला हात लावू देत नव्हते. कांबी निघाल्या, वरचं कडं निघालं. खालचं निघेना. ते काढायचं तर झाडच कापावं लागलं असतं. आबा करवत टाकून खाली बसले. थोरली शेजारी बसली.

"वेळेत काढायला हवं होतं," ते म्हणाले. "धरायचं काम केव्हाच संपलं होतं. माझ्या ध्यानातच आलं नाही."

थोरलीनं खाली पडलेली एक कांब उचलून बाजूला ठेवली.

"तुझा तो खिळा. त्याच्या ध्यानात राहतं म्हणतेस?"

"राहतं, आबा. तेच तर शिकवतो आम्ही त्याला."

"हं," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी कबुली थोरलीनं जन्मात ऐकली नव्हती. त्या रात्री तिला जेवण गोड लागलं.

पुढे आणखी वर्ष गेलं, वर काही महिने. शेवटच्या फोटोला आबा आपण होऊन आले, धुतलेला सदरा घालून. डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा फोटो शेजारी लावले. जुन्यात ती काळसर वाट होती, नव्यात ती नव्हती. तिथं हाड भरून आलं होतं, आजूबाजूच्या हाडासारखंच. आबांनी परवानगी न विचारता नव्या फोटोवर अंगठा टेकवला आणि फाटकावर ठसा चाचपतात तसा फिरवला.

"इथं होता?"

"इथंच."

"आणि आता काहीच नाही."

"काहीच नाही."

आबांनी मान डोलावली. घरी आल्यावर ते सरळ भट्टीकडे वळले. थोरलीला वाटलं, संपलं, एवढंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा घेऊन निघाली. जिना दणदणला, पण खाली हातोडा थांबल्यासारखा वाटला नाही, कारण तो चालूच नव्हता. अंगणात एक गिऱ्हाईक उभं होतं, नव्या फाटकाला हात लावून विचारत होतं, "टिकेल ना हो?"

"टिकेल," आबा म्हणाले. "टिकणारं काय, कुणीही करेल. लोखंडच टिकतं, त्यात माझं काय? भिंगरे! इकडे ये. चढ फाटकावर."

भिंगरी दोन उड्यांत वर. फाटक झुललं, करकर न करता. तिनं एका हातानं लोंबकळून दाखवलं, त्याच हातानं. आबांनी तिला उतरवलं, बाही वर सारली आणि कोपर गिऱ्हाइकापुढे धरलं. "बघा. काय दिसतंय?"

गिऱ्हाईक गोंधळलं. "काही नाही. बारीकसा व्रण आहे."

"व्रण डॉक्टरीणबाईंचा. त्याच्या आत?"

"आत? आत काय दिसणार?"

"नाही ना दिसत? मोठ्या मशीनमध्येही नाही दिसत!" आबांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "हाड मोडलं होतं या पोरीचं. धरून ठेवलं, जुळवलं, आणि वेळ झाली तसं निघूनही गेलं. ठसासुद्धा मागे ठेवला नाही. माझ्या लेकीचं काम आहे ते! आणा असा दुसरा लोहार!"

भिंगरीनं गिऱ्हाइकाच्या तोंडावर फुंकर मारली. मग आबांच्या. आबांनी तोंड फिरवलं नाही.

थोरली जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून परत दोन पायऱ्या वर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मग दुसऱ्या बाजूनं निघून गेली. त्या दिवशी गल्लीत तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. कुणी विचारलं तरी नुसती मान हलवली.

कोरड्या खोलीच्या दारात सुपरवायझर बाईनं तिचं तोंड पाहिलं आणि दचकली. "काय झालं गं? कोण गेलं?"

"खिळा," थोरली म्हणाली. "भिंगरीचा."

आतल्या बायकांचे हात थांबले. शेजारच्या मशीनवरचीनं वळून पाहिलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "त्रास झाला का?"

"नाही," थोरली म्हणाली. "सुखानं गेला. काम करून गेला."

सुपरवायझर बाईनं तिच्या हातातला डबा घेतला. "बस बाकावर. वाळलीस की ये."

थोरली बाकावर बसली. डोळे पुसले, तर पुन्हा भरले. आत मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, साचा उघडल्याचा आला, मिटल्याचा आला. त्या दिवशी तिला वाळायला बराच वेळ लागला.